माझ्या सॉरीची सुनावणी

मॉरिसव्हिल, १२ मार्च २००६

तीर्थस्वरूप राजीवकाकांना सिद्धेशचा वाकून नमस्कार (फोनवर वाकता येत नाही, म्हणून पत्र).

तुम्ही, काकू आणि प्लेनोचं नवं घर खुशाल असाल. काकूंची पाठ कशी आहे? माझी तब्येत उत्तम. विद्यापीठाने मला एका वर्षासाठी काढलं आहे, तेवढं सोडलं तर सगळं ठीक.

ईशानला प्रोग्रॅमिंगमध्ये जरा मदत कर, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमचा मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊच. (आमचा त्या विषयाचा वर्ग एकच, हे दुर्दैव.) दोन तास समजावून मी खिचडी टाकायला उठलो. जिऱ्याची फोडणी होईपर्यंत त्याने माझा अख्खा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेतला होता. वर खिचडी दोनदा वाढून घेतली. मला हे पंधरा दिवसांनी कळलं, ऑनर कौन्सिलच्या (म्हणजे विद्यापीठाच्या कॉपी पकडणाऱ्या समितीच्या) नोटिशीतून.

घाबरून तुम्हालाच फोन केला. तुम्ही म्हणालात, "प्रोफेसरशी आर्ग्यू करू नकोस. सॉरी म्हणून टाक, मॅटर क्लोज होईल." न केलेल्या गोष्टींसाठी सॉरी म्हणायची मला लहानपणापासून सवय आहे. एका ईमेलमध्ये तीनदा म्हटलं. त्या ईमेलला इथे कबुलीजबाब म्हणतात.

सुनावणीत माझे हक्क वाचून दाखवले. ते भरपूर आहेत. गप्प बसण्याचा हक्क होता (तो मी ईमेल करून आधीच संपवला होता). सल्लागार आणण्याचा हक्क होता, म्हणून लॅबमधल्या गिरीशला नेलं. पण सल्लागाराने बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या सरकवायच्या. खटला कॉपीचा आणि त्यात चिठ्ठ्या चालतात! गिरीशची पहिली चिठ्ठी होती, 'सॉरी म्हणू नकोस.' तोवर खोलीत शिरताना खुर्ची लागली म्हणून मी तिलाही सॉरी म्हटलं होतं.

माझ्याकडे हुकमी पुरावा होता. मी प्रोग्रॅममध्ये अधूनमधून रोमन लिपीत मराठी शेरे लिहितो. ईशानच्या प्रोग्रॅममध्येही तेराव्या ओळीवर तेच होतं: 'देवा, आता तरी चाल बाबा.' ज्याला 'पाणी दे' म्हणता येत नाही, त्याने हे लिहिलं? पण पुराव्याचं भाषांतर आरोपीने करायचं नाही, असा नियम निघाला. गिरीशला मराठी येतं, पण त्याने बोलायचं नाही. तिसऱ्या कोणाची सोय नाही. ईशान शांतपणे बसून राहिला आणि पुराव्याअभावी सुटला. काका, मला राग येतो, फार येतो. वर्ष बुडालं की व्हिसाही जातो, आणि साताऱ्यात आईबाबांना काय सांगायचं ते मला सुचत नाही.

तुमचा पुतण्या,
सिद्धेश

ता. क. : अपिलाची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. फाइल मला न विचारता घेतली, एवढी एक ओळ ईशानने लिहून दिली तरी पुरे. तुम्ही सांगितलंत तर तो देईल.

ता. क. २ : कौन्सिलसमोर एक शब्दही का बोलला नाहीस, असं मी त्याला काल विचारलं. तो म्हणाला, "डॅड टोल्ड मी नॉट टु से एनिथिंग." मुलगा तसा प्रामाणिक आहे, वेळसुद्धा सांगितली. माझा फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी तुम्ही त्याला फोन केला होतात.