परसातल्या तळ्यातून काचो बेपत्ता झाल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
रहिवासी तक्रार विभाग,
तामाइके नगर कार्यालय,
नारा प्रांत.

अर्जदार : यासुहिको तोबे, मिझोगुचि गल्ली, शेवटचे घर.

विषय : काचो नावाचा गोल्डफिश बेपत्ता झाल्याप्रकरणी, प्रकरण मिटलेलेच नाही असे समजून, शेजारी श्री. गेन्गो निशिवाकी यांची चौकशी होणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे मार्चमधील तोंडी निवेदन, जे आपल्या खिडकीवरील बाईंनी "मासा? बरं," असे म्हणून स्वीकारले.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, उपरोक्त प्रकरणातील चोर गेल्या रविवारी सकाळी, गटारसफाईच्या वेळी, सर्व गल्लीदेखत सापडला, पुरावा गिळून निसटला, आणि अर्जदाराचा संशय साफ खोटा ठरला. ही माहिती केवळ प्रांजळपणापोटी दिली आहे. आपण ती वाचलेली नाही असे समजून पुढील मजकूर वाचावा. अर्जदारही तसेच समजून लिहीत आहे.

१. अर्जदाराच्या घरामागे हातभर परस आहे. न्हाणीघर नवे केले तेव्हा अर्जदाराच्या दिवंगत वडिलांनी जुना टब भंगारात न देता परसात पुरला, काठाला दगड बसवले आणि यापुढे यास तळे म्हणावे, असा घरात नियम केला. त्यात उन्हाळी जत्रेत कागदी जाळीने पकडलेला एक गोल्डफिश सोडण्यात आला. जत्रेतला मासा आठवडाभरात मरतो हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. हा मेला नाही. तो वाढला, त्याचे गाल फुगले, आणि खाणे टाकले तरी लगेच वर न येता, जरा वाट पाहायला लावून, उपकार केल्यासारखा येऊ लागला. म्हणून वडिलांनी त्याचे नाव काचो, म्हणजे विभागप्रमुख, असे ठेवले. वडील जन्मभर एका काचोच्या हाताखाली कारकून होते, स्वतः कधी काचो झाले नाहीत. संध्याकाळी तळ्याशी बसून ते या काचोला दिवसभराचे सगळे सुनावत. तो ऐकून घेई. वडील गेल्यावर हे काम आई करते. नंतर तळ्यात आणखी मासे आले, त्यांना घरात कर्मचारी म्हणतात. आपल्या पदाशी नामसाम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.

२. जानेवारीत आई अर्जदाराच्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी साप्पोरोला गेली. जाताना तिने पुढीलप्रमाणे बजावले : "हिवाळाभर पाण्याला हात लावायचा नाही. हिरवं झालं म्हणजे घाण झालं असं नसतं. खायला घालायचं नाही, ते झोपलेले असतात. आणि काचोंना एकटं वाटू द्यायचं नाही." पहिल्या सूचनांचे काटेकोर पालन झाले. शेवटच्या सूचनेबाबत मार्गदर्शन मिळाले नाही.

३. पाणी मात्चा चहासारखे दाट हिरवे असल्याने आत कोण आहे व कोण नाही, हे हिवाळाभर देवालाच ठाऊक होते. मार्चमध्ये ऊन तापले तसे मासे वर येऊ लागले. कर्मचारी आले. काचो आले नाहीत. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला, "काचो कसे आहेत?" अर्जदाराच्या तोंडून निघून गेले की, "बैठकीत आहेत." पलीकडून आई म्हणाली, "बरं. बैठक संपली की सांग."

तेव्हापासून आई रोज संध्याकाळी हाच प्रश्न विचारते आणि अर्जदार बैठक लांबवत आला आहे. दरम्यान ती एकदा म्हणाली, "तुझे बाबासुद्धा कचेरीतून फोन करायचे, बैठकीत आहे म्हणून. आणि मागच्या दाराने येऊन तळ्याशी बसलेले असायचे. मला स्वयंपाकघरातून दिसायचं." अर्जदारास हे त्या वेळी फक्त आठवण म्हणून सांगितले जात आहे असे वाटले.

४. संशयाची कारणे. शेजारी श्री. निशिवाकी निवृत्त शिक्षक असून जातिवंत रान्चू मासे पाळतात. रान्चू म्हणजे पाठीवर पर नसलेला, वरूनच पाहायचा, स्पर्धेत बक्षिसे मिळवणारा मासा. जत्रेतल्या माशाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, असे ते स्वतः चारचौघांत सांगतात. जो माणूस एखाद्या गोष्टीकडे बघत नाही हे इतक्यांदा सांगतो, तो बघत असतो. दुसरे, मार्चपासून त्यांचा कोपऱ्यातला एक टब भर उन्हात वेताच्या पडद्याने झाकलेला असतो. तिसरे आणि सर्वांत गंभीर, अर्जदाराने भिंतीआडून त्यांना त्या टबाशी वाकून बोलताना स्वतःच्या कानांनी ऐकले : "साहेब, जेवण झालं का? पाणी बरं आहे ना?" महोदय, श्री. निशिवाकी आपल्या माशांना अरे-तुरे करतात. त्यांच्या एका बक्षीसपात्र माशाचे नाव ढेकूळ आहे. मग हे साहेब कोण?

अधिक चौकशीसाठी अर्जदार भिंतीवर हनुवटी टेकून पाहू लागला असता श्री. निशिवाकी मान वर न करता म्हणाले, "यासु, मान अवघडत नाही का रे? शिडी देऊ?" निरपराध माणूस शिडी देऊ करत नाही.

५. पुढे कर्मचारीही कमी होऊ लागले. अर्जदाराने भिंतीवरून हे मोघमपणे बोलून दाखवताच श्री. निशिवाकी उत्तरले, "बगळा असणार. राखी बगळा. ओढ्यावरून येतो." चोराचे नाव विचारण्याआधीच जो सांगतो त्यास काय म्हणावे, हे आपण जाणताच. शिवाय त्यांनी आपल्या माळ्यावरचा प्लास्टिकचा बगळा अर्जदारास आणून दिला. "हा लाव काठाला. बगळा दिसला की दुसरा बगळा उतरत नाही, जागा भरली असं समजतो." अर्जदाराने तो लावला. वस्तू हुबेहूब होती. एक पाय दुमडलेला, मान आखडलेली, डोळा बिनपापणीचा.

मात्र काही दिवसांनी बगळा रोज वेगळ्या जागी दिसू लागला. कधी पर्सिमनच्या झाडाखाली, कधी दगडावर, कधी थेट पाण्याच्या कडेला. श्री. निशिवाकी अर्जदारास वेड लावण्यासाठी पहाटे येऊन तो हलवतात याविषयी अर्जदाराच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. त्यांना पुरून उरण्यासाठी अर्जदाराने एक शब्दही न बोलता, काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने, कामावर जाताना बगळ्यास रोज रीतसर वाकून "येतो हं, लक्ष ठेवा," असे म्हणण्यास प्रारंभ केला. एकदा धूळ पुसावी म्हणून अर्जदार ओले फडके घेऊन गेला असता बगळा दोन पावले बाजूला सरकला. त्या दिवशी वारा होता.

६. गेल्या रविवारी गल्लीची गटारसफाई होती. सर्व घरांतून एकेक माणूस, हातमोजे, फावडी. यंदाच्या गल्लीप्रमुख श्रीमती हामाजिमा यांनी अर्जदाराच्या छपरीमागचे गवत उपटताना आतून काहीतरी ओढून काढले आणि विचारले, "यासु-कुन, हा तुमचाच ना?" त्यांच्या हातात प्लास्टिकचा बगळा होता. चोचीत कोळ्याचे जाळे होते. तो वाऱ्याने पडून बरेच दिवस तिथेच लोळत असावा, असे त्याच्या अंगावरच्या शेवाळावरून दिसत होते.

सर्वांच्या माना तळ्याकडे वळल्या. तळ्याकाठी बगळा उभा होता.

"मग तो कोण?" श्री. निशिवाकी म्हणाले.

त्या बगळ्याने गल्लीकडे एकवार पाहिले, पाण्यात चोच घातली, एका कर्मचाऱ्यास गिळले आणि ओढ्याच्या दिशेने सावकाश उडून गेला. घाई त्यास नव्हती. मग श्रीमती हामाजिमा यांनी, केवळ माहितीसाठी, अशी विचारणा केली : "म्हणजे आम्हाला वरच्या खिडकीतून दिसायचं, रोज सकाळी तू वाकून नमस्कार करायचास, तो याला?"

अर्जदाराने फावडे उचलले व गटाराच्या दूरच्या टोकाकडे प्रस्थान ठेवले. तेथे श्री. निशिवाकी मागून आले आणि त्यास आपल्या परसात घेऊन गेले. त्यांनी कोपऱ्यातल्या टबावरचा वेताचा पडदा सरकवला. खाली, जातिवंत रान्चूंच्या घोळक्यात, फुगल्या गालांनी काचो होते. अर्जदारास पाहून ते लगेच वर आले नाहीत.

"मार्च लागताच तुझ्या आईचा फोन आला," श्री. निशिवाकी म्हणाले. "म्हणाली, पोरगा गुणी आहे, पण त्याच्या भरवशावर काचोंना ठेवू नका. तू कामावर गेल्यावर नेले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तीच म्हणाली, सांगू नका. बघू या म्हणाली, काय सांगतो ते."

७. म्हणजे महोदय, मार्च लागल्यापासून गेल्या रविवारपर्यंत आईला काचो कुठे आहेत हे पक्के माहीत होते. तरीही ती रोज फोन करून विचारत होती, आणि अर्जदार रोज बैठक लांबवत होता. अर्जदार आजवर निशिवाकी यांच्यावर पाळत ठेवून होता. त्याच्यावर साप्पोरोहून कोणी पाळत ठेवली असेल, ही शक्यता त्याने विचारात घेतली नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा फोन आला. "काचो कसे आहेत?" अर्जदाराने सांगितले, "बैठक संपली. घरी आले." आईने विचारले, "बरं. काय ठरलं बैठकीत?" तिच्या आवाजात, वडिलांशी बोलताना असे, तसे काहीतरी होते. अर्जदार म्हणाला, "कळवतो."

आई येत्या शनिवारी परत येत आहे. ती दारातच हे विचारणार, याविषयी मात्र अर्जदारास खरोखर शंका नाही.

८. तरी अर्जदाराची विनंती अशी की : श्री. निशिवाकी यांची चौकशी व्हावी, कारण संशय खोटा ठरला तरी काचो सापडले त्यांच्याच टबात. सदर बगळ्याची या गल्लीचा रहिवासी म्हणून नोंद घेऊन त्याचे नाव गल्लीतल्या कचऱ्यावर कावळ्यांसाठी जाळी टाकण्याच्या पाळीत घालावे, कारण इतके दिवस त्याने येथील जेवण घेतले व नमस्कारही स्वीकारले. तसेच काचो त्या काळात बैठकीतच होते, असा दाखला मिळावा. ते एका बंद, झाकलेल्या जागी, आपल्याहून वरच्या जातीच्या मंडळींत, दिवसेंदिवस, तोंडे उघडत व मिटत, कोणताही निर्णय न घेता बसून होते. यास दुसरे काय म्हणतात हे आपल्या कार्यालयाहून अधिक कोण जाणेल?

आपला नम्र, व सध्या मागच्या दारानेच ये-जा करणारा,

यासुहिको तोबे
(सही)
दि. २३ एप्रिल

सोबत : प्लास्टिकचा बगळा, एक. (प्लास्टिकचाच असल्याची टाचणीने खात्री केली आहे. श्री. निशिवाकी यांचा असल्याने परत मिळावा.)

ता. क. : दाखल्यासोबत सदर बैठकीच्या इतिवृत्ताची, त्यात काय ठरले त्या ठरावासह, प्रमाणित प्रत शनिवारी आईची गाडी स्थानकावर येण्यापूर्वी देण्यात यावी, ही विनंती.