कोट क्रमांक ४१ मध्ये निघालेल्या माझ्या नावाच्या पट्टीबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय.

विषय : रक्षकाच्या कोटात माझे नाव आढळल्याबद्दल खुलासा.
संदर्भ : पंधरा दिवसांत देश सोडण्याची आपली नोटीस, माझा नागरिकत्वाचा अर्ज (प्रलंबित, वर्ष सातवे).

महोदय,

१. मी अकरा वर्षे इथे राहत असून आपल्या कार्यालयातील रक्षकांचे कोट शिवतो. धुलाईत अदलाबदल होऊ नये म्हणून कॉलरखाली घालणाऱ्याच्या नावाची पट्टी लावायची आमची पद्धत आहे. कोट क्र. ४१ मध्ये माझ्या नावाची निघाली. नाव वाचताच इमारत रिकामी करण्यात आली आणि कोट आवारात नेऊन लांब काठीने उलटापालटा करण्यात आला. आत अस्तर होते.

२. अर्जाची चौकशी करायला मी दर सोमवारी येतो, तेव्हा कोट क्र. ४१ घालणारा हाच रक्षक "काका, हात वर करा" म्हणतो. मी मुसलमान असल्याने नमाजाची टोपीही दोनदा उसवून पाहिली गेली. मी ती घरी पुन्हा शिवली. त्याबद्दल तक्रार नाही. पण मी शिवलेला कोट रोज बिनधास्त आत जातो. लिहायला लाज वाटते, पण मी त्या कोटाला पाण्यात पाहतो.

३. बटणांची काजे करणारा आमचा कारागीर माझ्यानंतर चार वर्षांनी, दुसऱ्याच देशातून आला. त्याला नागरिकत्व मिळाले. परवा त्याने मलाच विचारले, "तुम्ही मूळचे कुठले?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची काजे वाकडी असतात, हेही नमूद करतो.

४. नोटिशीत 'स्थानिक लोकांशी संबंध दिसत नाही' असे म्हटले आहे. आपल्या बत्तीस रक्षकांची मापे मला तोंडपाठ आहेत. लग्नानंतर कोणाचे पोट सुटले, हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळते.

५. पहिल्या जबाबात मी 'नजरचूक' लिहिले. बायको म्हणाली होती, "चूक झाली म्हणा, सही करा आणि घरी या." ते खोटे आहे. तीस वर्षे शिवणाऱ्याची पट्टी चुकत नाही. मी ती जळफळाटाने, मुद्दाम लावली. मला नाही तर निदान माझ्या नावाला हात वर न करता आत जाता यावे, एवढेच मनात होते. अठरा दिवस ते गेले.

तरी नोटीस मागे घ्यावी. ते जमत नसल्यास कोट माझ्याकडेच पाठवावा. दुसऱ्याच्या हातून कॉलर बिघडेल.

आपल्या दारात उभा असलेला, नम्र
(सही)
शिंपी, गणवेश शिवणघर
सोमवार, दि. ९

सोबत :
१. रक्षकाच्या नावाची पट्टी.
२. माझी टोपी. तपासणीसाठी आधीच उसवून ठेवली आहे.