कुजबुजीची वही

२ जून, सकाळी
आजपासून इमारतीत तोंडी निरोप बंद. सेक्रेटरी या नात्याने ठरवलं. जे सांगायचं ते लेखी, खालच्या फळ्यावर. तिसऱ्या मजल्यावर शिवणवाल्या बाईंकडे दुपारी बायका जमतात आणि घराघरातलं तिथे चघळलं जातं. शी. नुसत्या आठवणीने पुन्हा अंघोळ करावीशी वाटते.
वीस तारखेला निवडणूक. मी मॅट्रिक, म्हणून सासरी कोणी कधी मत विचारलं नाही. सेक्रेटरी झाल्यापासून मोठ्या जाऊबाई फोनवर ‘अहो’ म्हणतात. पद जाता कामा नये. देवाला तसं सांगून ठेवलं आहे.

४ जून
पहिली नोटीस: आठ तारखेला टाकी धुणार, पाणी बंद. कागद वाया नको म्हणून यांच्या औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिली. खाली ‘वाचले, समजले’ आणि सह्यांना जागा. संध्याकाळपर्यंत सही एक. माझी.

५ जून
वॉचमन म्हणाला, ताई, फळ्यावर मूळव्याधीचं औषध कशाला लावलंय. कोणीतरी मुद्दाम कागद उलटवला असणार. हे दिवसभर खाली उतरले नाहीत.

८ जून
पाणी बंद. तरी घरोघरी बादल्या भरलेल्या. नोटीस न वाचता. शिवणवाल्या बाईंनी मापं घेता घेता सगळ्यांना सांगितलं म्हणे. ओकारी आली.
आता मुळावरच घाव. नवी वही घातली, हिशेबाच्या वहीसारखी. रकाने तीन: कुजबुज काय, कुठून कळली, अधिकृत खुलासा. वही खाली टेबलावर, सर्वांना खुली. एकदा लेखी आलं की कुजबुजीत राम राहणार नाही.

११ जून
नोंदी एकोणीस. ऐकायला जिन्यात उभं राहावं लागतं, पाय भरून येतात. कान विटाळले. जप दुप्पट केला.
नोंद सतरा: दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर बायकोशी बोलत नाहीत. कुठून कळली: मी स्वतः, त्यांच्या दाराबाहेर. खुलासा: चौकशी चालू.

१४ जून
वहीपुढे रांग. शेवटी लोकांना लेखी वाचायची गोडी लागली. शेजारच्या इमारतीतलेही दोघे येऊन गेले. शिवणवाल्या बाईंकडे दुपारी चिटपाखरू नाही. जिंकले.
यांनी विचारलं, त्या करतात ते आणि तू करतेस ते, यात फरक काय. म्हटलं, माझ्याकडे रकाने आहेत.

१८ जून
डॉक्टरांची बायको दारात रडून गेली. भांडण कधीच मिटलं होतं म्हणे, पण वहीमुळे माहेरी कळलं. शांतपणे सांगितलं, खुलाशाची जागा ठेवली आहे, भरा. माणसांना पद्धत म्हणून कळत नाही.

२० जून, दुपारी
सभा. अध्यक्ष, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, यांनी चष्मा पुसून वहीच वाचायला घेतली. मी पदर सावरून बसले. म्हणाले, नोंदी एकशे चार. ‘कुठून कळली’ मध्ये शिवणवाल्या बाई सहा वेळा, बाकी सगळीकडे ‘मी स्वतः’. लोक हसले. मग हात वर झाले ते त्या बाईंसाठी. माझ्यासाठी दोन: एक माझा, एक यांचा, तोही कोपरापर्यंतच. किळस येऊन उठून आले.

संध्याकाळी
हे तासाभराने परतले. माझ्यामागे कोण काय बोललं, विचारलं. डॉक्टरांची बायको? अध्यक्ष? म्हणाले, लेखी येईल, फळ्यावर बघ.

२१ जून
फळा कोरा. तीनदा बघून आले.

२२ जून
अजून कोरा. जिन्यात मी दिसले की सगळे गप्प होतात.
उशीच्या चांगल्या अभ्र्याची शिवण ब्लेडने उसवली. तिसऱ्या मजल्यावर रिकाम्या हाताने कशी जाणार. शिवून झालं की लगेच परत, गप्पांना बसायचं नाही.
मग दुसराही उसवला. एकाला फार वेळ लागत नाही.