डबक्याचं सरोवर

७ जानेवारी

मिळालं! तळ्यावर धुकं, पाणी अगदी स्थिर, पलीकडच्या झाडांची रांग पाण्यात उलटी उभी, आणि फ्रेममध्ये एकही माणूस नाही. म्हणजे एक होतं. ही काठावर वाकून पाण्यात काठी खुपसून बघत होती. ‘जरा बाजूला हो ना,’ म्हटलं. ‘मी तळे समितीची सेक्रेटरी आहे, तुम्हीच व्हा बाजूला,’ म्हणाली. पण झाली बिचारी.

आठवडाभर दुकानात पासपोर्टचे फोटो काढायचे. हनुवटी खाली, डोळे उघडे, हसू नका. लोकांना ‘हसू नका’ सांगण्यात उभा जन्म गेला. मग रविवारी तरी समोर माणूस नको वाटतं. पाण्याला काही सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर हिला फोटो दाखवला. ‘छान आहे,’ म्हणाली. ‘काठी गुडघ्याएवढीच बुडली हो. खाली सगळा गाळ.’ झालं रसग्रहण!

२ फेब्रुवारी

धुक्याचा फोटो मोठा करून दुकानात लावला. शेजारचा न्हावी दाढीचा ब्रश हातात घेऊनच बघायला आला. बराच वेळ बघून म्हणाला, ‘सगळं ठीक आहे, पण फोटो कुणाचा आहे?’ म्हटलं, तळ्याचा. ‘ते दिसलं. पण कुणाचा?’

याच्याकडून मी केस कापून घेतो, म्हणजे डोकं याच्या हवाली करतो!

१९ मार्च

हिची सभा आमच्याच हॉलमध्ये. मी खोलीत लेन्स पुसत बसलो, पण कान बंद करता येत नाहीत. तेच ते. तळं गाळानं भरलंय, पावसाचं पाणी साठतच नाही, उन्हाळ्यात खालच्या आळीच्या विहिरी कोरड्या पडतात. गाळ काढा म्हणून जलखात्याकडे अर्जांवर अर्ज. उत्तर एकच — विचाराधीन.

हिची थोरली बहीण खालच्या आळीत राहते. गुडघे गेलेले, तरी मे महिन्यात वरच्या नळावरून बादल्या नेते. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं तर राग येतो. ‘माझं घर आहे, माझी विहीर आहे,’ म्हणते. विहिरीत आहे काय, तर एक बेडूक.

ही सभेत बोलते तेव्हा आवाज चढत नाही. मला हे जमलं नसतं. मी ट्रायपॉडवर ओरडतो.

२८ मे

आज जे जमलं ते लिहूनच झोपणार.

तळं म्हणजे नुसता भेगाळलेला चिखल. मध्यावर एक डबकं उरलंय, आपल्या डबल बेडच्या चादरीएवढं. त्याच्या मागे कोळ्याची जुनी नाव चिखलात रुतून तिरकी पडलेली. काही घेण्यासारखं नाही म्हणून परत फिरणार होतो, तेवढ्यात आठवलं — कॅमेरा पाण्याच्या पातळीला टेकवला की डबक्याचाही समुद्र होतो! धंद्यातली जुनीच युक्ती, पण कधी केली नव्हती. चपला हिच्या हातात दिल्या आणि चिखलात सरळ पालथा पडलो. लेन्स पाण्याला लागायचीच बाकी होती. आणि काय दिसलं! पाणीच पाणी, क्षितिजापर्यंत. त्यावर संध्याकाळचं आभाळ. नाव अशी दिसते की आत्ता कुणीतरी वल्ही टाकून उतरलंय. वारा पडायची वाट बघत तसाच पडून राहिलो. पोटाखाली चिखल थंडगार होत गेला.

हिनं बाजूनं मोबाईल धरून माझाच फोटो काढला. फ्रेम वगैरे हिला कळत नाही, कोपऱ्यात अर्धा अंगठा. ‘पुसून टाक तो,’ म्हटलं. ‘बघू,’ म्हणाली.

१५ जून

जलखात्याची स्पर्धा — ‘आपले जलाशय’. धुक्याचाच पाठवायचा ठरवलं. मेचा फोटो जास्त देखणा आहे, पण तो खोटा आहे, हे मला तरी माहीत आहे. लेकीला कळवलं. ती तिकडे परगावी नोकरी करते, माझे सगळे फोटो तिच्या कॉम्प्युटरवर असतात. असले अर्ज तीच भरते, माझ्याच्यानं एका पानापुढे जात नाही.

११ जुलै

पाऊस. तळं चहाच्या रंगाचं. ही खूश, मी घरात.

२० ऑगस्ट

पहिलं बक्षीस!! मला!

पण धुक्याला नाही, डबक्याला. पत्रात स्पष्ट लिहिलंय — ‘निवांत नौका, मे अखेर’. नावही परीक्षकांनीच ठेवलंय. तो फोटो तिकडे पोचलाच कसा? लेकीला फोन केला. ‘अगं, मी धुक्याचा सांगितला होता ना?’ ती म्हणाली, ‘चुकून गेला असेल बाबा. पण मिळालं ना बक्षीस?’ मिळालं तर खरं. मुलगी हुशार, पण धांदरट. माझ्यावर गेलीय.

खात्याला चूक कळवावी का? दिवसभर विचार केला. मग न्हाव्यानं आख्ख्या बाजारात सांगून टाकलं, लोक दुकानात येऊन हात मिळवायला लागले, आणि विचार मागे पडला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

हिनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून देवासारखं कपाटात ठेवलं. मग भाजी निवडायला बसली. हिला माझ्या फोटोंचं काही नाही, हे मी केव्हाच मान्य केलंय.

९ सप्टेंबर

जलखात्याच्या साहेबांच्या हस्ते सत्कार. माझा फोटो खात्याच्या व्हरांड्यात, दाराएवढा! साहेब म्हणाले, ‘असं तळं आपल्याकडे आहे, हे आम्हालाच माहीत नव्हतं.’ मी मान डोलावली. मलाही माहीत नव्हतं.

२४ सप्टेंबर

आज समितीची सुनावणी होती. ही संध्याकाळी आली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि तिथेच उभी राहिली. चेहरा पांढरा.

साहेबांनी अर्ज वाचलाही नाही म्हणे. तिला व्हरांड्यात नेलं आणि माझ्या फोटोसमोर उभं केलं. ‘बाई, मे अखेरीला एवढं पाणी! नाव तरंगतेय! आणि तुम्हाला गाळ काढायला हवाय?’ आसपासचे कारकूनही हसले. अर्ज निकालात.

‘मग तू सांगितलं नाहीस, ते डबकं आहे म्हणून?’

‘तुमचं नाव होतं हो खाली,’ म्हणाली.

एवढंच. माझ्याकडे बघेना. वाटलं, ओरडावं तरी हिनं. माझ्या एका फोटोनं हिच्या सगळ्या वर्षांची माती केली. दोष लेकीच्या धांदरटपणाचा म्हणावा, तर मीही ऑगस्टमध्ये गप्प बसलोच होतो.

२५ सप्टेंबर

खालच्या आळीत गेलो. मेहुणीनं अभिनंदन केलं! फोटोची बातमी कापून भिंतीला लावलीय. खाली तिची रिकामी बादली, पुढच्या मेची वाट बघत. चहा अर्धा ठेवून उठलो.

२६ सप्टेंबर

न्हाव्याला सगळं सांगितलं. वस्तरा थांबवून म्हणाला, ‘मग जाऊन सांगा की.’ म्हटलं, अरे, नाक कापलं जाईल. ‘ते मी सांभाळतो, माझा धंदाच आहे. तुम्ही हलू नका फक्त.’

सोपं आहे याला. आयुष्यात एकदा कुणीतरी पाठ थोपटली, ती शाबासकी स्वतःच्या हातानं पुसून यायची!

घरी आलो आणि हिला म्हटलं, ‘तुझ्या मोबाईलमधला तो मेचा फोटो दे.’

‘तुमचा पालथा पडलेला? तो दाखवणार? सगळे हसतील.’

‘पुसला नाहीस ना?’

नव्हता पुसला.

३ ऑक्टोबर

गेलो. ही बरोबर आली, पण दाराशीच थांबली. बक्षिसाची ढाल टेबलावर ठेवली आणि साहेबांना मोबाईल दिला. सगळीकडे भेगा, मध्ये चादरीएवढं डबकं, मागे रुतलेली नाव, आणि पुढे मी, मगरीसारखा आडवा, सदरा वर गेलेला. कोपऱ्यात अंगठा. माझ्या घरातला तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात वाईट फोटो, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नाही.

साहेब आधी चिडले. ‘तुम्ही खात्याची दिशाभूल केलीत!’ म्हटलं, केली. ते डबकं आहे, हे मी सांगायला हवं होतं. मग त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि हसू फुटलं. कारकुनांना बोलावलं. सगळं खातं हसत होतं. मला कुणाला ‘हसू नका’ म्हणता येईना!

शेवटी हिला आत बोलावून साहेबांनी अर्ज मागितला. या वेळी वाचला.

१९ नोव्हेंबर

मंजूर! उन्हाळ्यात गाळ निघणार. व्हरांड्यातली दाराएवढी जागा रिकामी. न्हाव्यानं हिचा तो अंगठ्याचा फोटो कुठून तरी मिळवून आरशाच्या बाजूला लावलाय. गिऱ्हाइकांना सांगतो, ‘आता विचारा, कुणाचा फोटो!’

ही आनंदात आहे, पण मध्येच गप्प होते. अजून राग असणार. असू दे. हक्क आहे तिचा.

२५ डिसेंबर

लेक सुट्टीला आली. सहज म्हटलं, तुझ्या एका चुकीनं केवढं रामायण झालं. म्हणाली, ‘बाबा, चूक नव्हती ती. आईनं फोन केला होता, मेचा पाठव म्हणून. म्हणाली, ते डबकं आहे, मला माहीत आहे, मी चपला धरून उभी होते. पण तो काढताना तुझे बाबा हसत होते गं. इतक्या वर्षांत मी बघितलं नव्हतं.’

हिचा मोबाईल मागून घेतला. न्हाव्याचा आरसा, साहेबांचं टेबल — इतक्या वेळा बघितला तो फोटो, पण मी फक्त चिखल बघत होतो. खरंच. हसतोय.

हिला मोबाईल परत दिला. रविवारी तळ्यावर येशील का, एवढंच विचारलं.

‘चपला धरायला?’

म्हटलं, नाही. फ्रेममध्ये.