पिवळ्या दोऱ्याचा पुडा

अण्णा, आज सरकारी बैठकीत बसल्या बसल्या मला तुमचं दुकान आठवलं. तुम्ही गेलात तेव्हा मी प्रयोगशाळेत नुकती लागले होते, आणि आमची पोरगी लोकांच्या तिखटातली वीट शोधते, असं तुम्ही येईल त्याला कौतुकानं सांगायचात. आता माझे केस पिकले आणि वीट शोधायचं काम तरुणांकडे गेलं. खाण्याच्या पाकिटावर काय छापायचं, कुठे आणि केवढ्या अक्षरांत, हे ठरवणाऱ्या समितीत मी आहे. बैठक दिल्लीत भरते, मी आपल्या म्हैसूरहूनच पडद्यावर हजर असते. तुम्हाला वाटेल, कुणीतरी उंच खुर्चीवर बसून फर्मान काढत असेल. तसं नाही हो. आधी मसुदा होतो, तो लोकांपुढे ठेवतात, मग कंपन्या, दुकानदार, गिऱ्हाइकं, ज्याला जे खुपेल ते तो लिहून पाठवतो, आणि आम्ही एकेका हरकतीवर डोकं फोडत बसतो. अमान्य केली तर का, तेही लिहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं.

सध्याचा मसुदा तुमच्याच धंद्यातला आहे. कॉफीच्या पुड्यात स्वस्त मुळांची ती चिकोरी किती मिसळलीय, हे छापावं लागतंच. आता ते मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांतून काढून पुढच्या बाजूला ठळक आणावं, असं चाललंय. शिवाय चिकोरी जास्त असेल तर ‘कमी प्रतीची’ असंही छापावं, अशी कुणाची तरी सूचना त्यात शिरली होती. त्यावर सरगूरच्या एका छोट्या दुकानदाराची कन्नडमधली हरकत आली. त्यानं लिहिलं होतं एवढंच, की पुढे मोठ्या अक्षरांत छापलंत तर माझं गिऱ्हाईक लाजेल. पडद्यावर दोघे-तिघे हसले. आमच्याच म्हैसूरच्या प्रयोगशाळेतली एक तरुण सहकारी म्हणाली, “चिकोरीची कसली आली लाज?” तिचं काही चुकलं नाही. तिनं पिवळा दोरा कुठे पाहिलाय?

मी पाहिलाय. कॉलेज सुटलं की मी दुकानात येते, पदर खोचते आणि पुडे बांधायला बसते. शेजारच्या आपल्या शिवणाच्या दुकानातून काका उरलेल्या दोऱ्यांची रिळं पाठवतात. शुद्ध कॉफीला पांढरा दोरा, थोडी चिकोरी असेल तर तांबडा, आणि जवळजवळ निम्मी असेल तर पिवळा. हे तुम्हाला, मला आणि गिऱ्हाइकाला माहीत. दुकानात कितीही माणसं उभी असोत, तुम्ही कधी तोंडानं “चिकोरी किती घालू?” असं विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचात, आणि हात रिळाकडे जायचा.

बन्नीमंटपाकडच्या टीचरबाई आधी पांढऱ्या दोऱ्याच्या होत्या. यजमानांचा कारखाना बंद पडला तशा त्या तांबड्यावर आल्या, मग पिवळ्यावर. कधी काही बोलल्या नाहीत, तुम्हीही नाही. आणि एक दिवस त्या नंजनगूडच्या वरमायबाईंना घेऊन दुकानात आल्या. मुलीचं लग्न जवळजवळ ठरलेलं, पण सुपारी अजून फुटायची होती. वरमायबाईंच्या अंगावर भारी रेशीम, आणि नजर अशी की दुकानातली फळीन्‌फळी तपासतेय. टीचरबाई हळूच म्हणाल्या, “नेहमीचं द्या की अण्णा.” तुम्ही पिवळा दोरा बांधलात. तेवढ्यात वरमायबाई म्हणाल्या, “आमालाही तेच द्या की. सकाळी ह्यांच्याकडं प्यालो, चन्नागित्तू, लई चांगली होती.”

टीचरबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. ते द्यावं तर शुद्ध कॉफी पिणाऱ्या घरात चिकोरी जाणार, पहिल्याच घोटाला कळणार, आणि भावी विहिणीची परिस्थिती नंजनगूडभर होणार. तिथंच सांगावं तर तिथंच शोभा. तुम्ही मात्र चष्मा पुसलात आणि म्हणालात, “नोडी, बघा ताई, हे ह्यांच्या कावेरीच्या पाण्याला जुळतं. तुमचं नंजनगूडचं पाणी कपिला नदीचं. त्याला दुसरं लागतं.” आणि त्यांना पांढऱ्या दोऱ्याची शुद्ध कॉफी बांधून दिलीत. त्या खूश झाल्या! पुढे लग्न झालं, नातवंडं झाली, तरी त्या येऊन “कपिलेच्या पाण्याचं द्या” म्हणायच्या. त्या दिवशी त्या गेल्यावर मी हसत विचारलं, “अण्णा, पाण्याचं चक्क खोटं बोललात?” तर तुम्ही डाफरलात, “गप पुडे बांध. पुड्यात खोटं घातलं का मी? जिभेवरचं काय ते विठ्ठल बघून घेईल.”

मग ते अन्न निरीक्षक आले. रोज नंजनगूडहून गाडीनं येणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी रिळं पाहिली, पुडे पाहिले, आणि म्हणाले, “दारा ओदक्कागल्ला, स्वामी.” दोरा वाचता येत नाही. तुम्ही चिडलात. माझी गिऱ्हाइकं मला ओळखतात, म्हणालात. त्यांनी आवाज चढवला नाही. पिशवीतून तुमचाच एक पिवळ्या दोऱ्याचा पुडा काढून ठेवला. कुणीतरी तो इथून नेऊन बसस्टँडवर एका परगावच्या माणसाला शुद्ध म्हणून विकला होता. “तो मनुष्य तुम्हाला ओळखत नव्हता,” ते कन्नडमध्ये म्हणाले. तुम्ही तो पुडा उचलून आपल्याजवळ ठेवलात. नंतर त्यांना कॉफी पाजलीत आणि दुसऱ्याच दिवशी छापखान्यात गेलात. जाताना मात्र म्हणालात, “टीचरबाईंचं कसं करायचं गं?” तुम्हाला कायद्याची भीती नव्हती, अण्णा, त्यांच्या लाजेची होती. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. बोलले नाही, आपल्या घरात तसं बोलायची पद्धत नव्हती.

छापील पुडे आले त्या आठवड्यात दुकानात गर्दी होती. टीचरबाईंनी पुडा हातात घेतला, चष्मा वर केला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, “कॉफी पंचावन्न टक्के.” तुम्ही रिळाशी चाळा करत खाली बघताय. त्या म्हणाल्या, “अण्णा, पस्तीस टक्क्यांना मी पोरं पास केलीत. ही तर सेकंड क्लास आहे की!” दुकान हसलं, त्याही हसल्या. मग त्यांनी पुडा पिशवीत ठेवला, छापील बाजू आत करून. ते तुम्ही पाहिलंत. त्यानंतर त्यांचा पुडा तुम्ही स्वतः त्यांच्या पिशवीत ठेवायचात, तसाच, आकडा आतल्या बाजूला.

तर आज माझी पाळी आली तेव्हा मी सरगूरच्या त्या माणसाची हरकत अमान्य केली. दुकानदाराला न ओळखणाऱ्यालाही कळलं पाहिजे, असं कारण लिहिलं. ते निरीक्षकांचं आहे, माझं नाही. पण ‘कमी प्रतीची’ हे शब्द मी काढायला लावले. आकडा छापा, केवढाही छापा, पण विशेषण लावू नका. ते पुड्याला लावता आणि चिकटतं माणसाला. यावर तासभर वाद झाला, कंपन्यांचे, ग्राहकांचे, सगळे बोलले, आणि शेवटी शब्द गेले. त्या दुकानदाराला हे पुरेसं वाटेल का, कोण जाणे. तुम्ही असतात तर त्याच्या वतीनं माझ्याशी भांडला असतात.

संध्याकाळी ती तरुण सहकारी घरी आली. कॉफीवाल्यांच्या लेकीच्या हातची अस्सल कॉफी प्यायचीय म्हणाली. आता हे पत्र पाठवायचं कुठे, हे मला ठाऊक नाही, तेव्हा इथंच सांगून टाकते. शुद्ध कॉफी मला कधीच आवडली नाही, अण्णा. मी आपली पिवळ्या दोऱ्याचीच पिते, दाट आणि काळी. पाहुणी स्वयंपाकघरात यायच्या आधी मी पुडा फिरवून आकडा भिंतीकडे केला. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, “वा! कुठली हो पूड?”

मी म्हटलं, पाण्याचा गुण आहे, कावेरीच्या.