कंट्रोलचे वीस जीव

३ मार्च, सकाळी ९.१०
पीएचडीचं सहावं वर्ष. शेवटची मुदतवाढ ३१ला संपते. माझ्या गाइड मॅडम म्हणतात, एक टेस्ट नीट करून दाखवा, लगेच सही करते. एकच! डाव्या हातचा मळ. विषय सोपा आहे: चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात गेले की पाणपिसवांचं, म्हणजे पाण्यातल्या त्या इवल्याशा जीवांचं, काय होतं? मरतात. एवढ्याला सहा वर्षं लागली, कारण मी घाई करत नाही.
संकल्प: रोज आठला लॅबमध्ये.

४ मार्च, ११.४०
पोचलो. पाच बीकर मांडले. चारांत चांदी, कमी-जास्त मात्रेत. पाचवा कंट्रोल, म्हणजे नुसतं पाणी. प्रत्येकात वीस पिसवा. कंट्रोलमधल्या दोनपेक्षा जास्त मेल्या की टेस्ट बाद.

५ मार्च
पहिली मोजणी. माझी पद्धत पक्की आहे. अवघड काम आधी, म्हणून सगळ्यात जहाल, जास्तीत जास्त चांदीच्या बीकरपासून सुरुवात. ड्रॉपरने एकेक पिसू उचलायची, हलते का बघायचं, परत सोडायची. कंट्रोल शेवटी.

६ मार्च
कंट्रोलमध्ये नऊ मेल्या. उकाडा.

१३ मार्च
पुन्हा केली. अकरा. लॅब अटेंडंट मामा फरशी फिनेलने पुसतात, त्याचा वास. त्यांना बजावलं. ते बादली उचलून गेले.
मागच्या वर्षांत तीन-चारच मरायच्या. त्या मी समजुतीने वजा करायचो. यंदाचे कण फारच बारीक आहेत.

२० मार्च
बारा. पिसवाच नाजूक निघाल्या. बायको म्हणाली, यंदा तरी संपव, मी दमले. मीही दमलोय, पण तिला तसं म्हणालो नाही.

२७ मार्च, दुपारी
चौदा! कमी चांदीच्या बीकरमध्ये मात्र दहाच. म्हणजे स्वच्छ पाणी चांदीपेक्षा घातक. नवा शोध. मॅडमना मेल केला.

३० मार्च, संध्याकाळी ५.३०
मॅडम स्वतः लॅबमध्ये आल्या. म्हणाल्या, माझ्यासमोर मोजा. जहाल बीकरपासून सुरू केलं. दुसऱ्या बीकरला त्यांनी थांबवलं. विचारलं, ड्रॉपर तोच? म्हटलं, तोच. मध्ये धुतला नाही? म्हटलं, कशाला, सगळीकडे पाणीच तर आहे.
मामा दारातून म्हणाले, साहेबांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, नुसत्या पाण्यापासून सुरू करा, नाहीतर चांदी तिकडे जाते. साहेब म्हणाले, तुम्ही फरशी बघा.
मॅडमनी अगदी हळू विचारलं, हे यंदाच झालं ना? आधीची पाच वर्षं तरी नीट मोजलंत ना?
आपल्या शिस्तीवर शंका! मी ताठ मानेने सांगितलं, मॅडम, पहिल्या दिवसापासून हाच क्रम, एकदाही चुकलो नाही.
बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सहीचा फॉर्म मागायचं धाडस झालं नाही.
बसस्टॉपवर बसून लिहितोय. बायकोला कसं सांगायचं ते ठरेना. घराकडच्या तीन बस गेल्या.