रॉम्परच्या पायातला दोरा

९ मार्च

दुपारी झोपवताना पुन्हा रडारड! माझी चिऊ पाच महिन्यांची झाली, पण अजून पाय वर घेऊन खेळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या बंद पायांच्या रॉम्परमधून सोडव तिला. पाय घासू दे, अंगठे चोखू दे. पायांनीच जग कळतं पोरांना."

म्हटलं, आई, पाच वर्षं लहान मुलांचे कपडे तपासलेत मी. हा आमच्याच कारखान्यातला नग, बाळंतपणाच्या रजेवर निघताना आमच्या सुपरवायझर बाईंनी प्रेमाने दिलेला. मऊ सूत, पक्की शिवण. मला शिकवताय होय!

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला जरा बरंच वाटलं — खोटं कशाला लिहू?

११ मार्च

माझ्या जागी बसलेल्या नव्या मुलीचा फोन. रडकुंडीला आलीय बिचारी. दिलेले नग वेळेत तपासून होत नाहीत म्हणे. म्हटलं, रॉम्परचे पाय उलटून बघत बसतेस ना? सोड ते! बाहेरचे दोरे कापले की पास. एकदम खूश झाली.

१२ मार्च

ताप नाही. दात नाहीत. तरी रडतेच आहे, म्हणून आंघोळ, कपडे बदलणं सगळं राहिलं.

१३ मार्च

दुपारी सासूबाईंनी मला न विचारता रॉम्पर काढला आणि किंचाळल्याच. डाव्या पायाची करंगळी — जांभळी! सुजून टम्म! आतल्या शिवणीचा सुटा दोरा तिला करकचून गुंडाळलेला, मांसात रुतलेला. तशाच अनवाणी दवाखान्यात धावलो.

डॉक्टरांनी भिंग लावून दोरा कापला. म्हणाले, "उद्यापर्यंत थांबला असतात तर बोट गेलं असतं."

सासूबाईंनी वाटभर चिऊचा पाय तळहातात धरून ठेवला. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कोणी पास केला हा नग? डोळे होते की बटणं? जी कोणी असेल, तिला बाईंना सांगून हाकलूनच लावते!

१४ मार्च

करंगळी गुलाबी झाली. चिऊने आज पायाचा अंगठा तोंडात घातला — पहिल्यांदा! सासूबाई हसल्या, मग रडल्या.

बाईंना दाखवायला रॉम्पर पिशवीत भरत होते. लेबलामागे तपासणाऱ्याच्या नंबरचा शिक्का दिसला. सतरा.

सतरा मीच.

नव्या मुलीला फोन लावतेय. चार वेळा लावला. उचलत नाही — काम सुरू झालं असेल.